टाचेचा काटा : एका सामान्य दुखण्याच्या कारणमीमांसेचा इतिहास (धरणगावाच्या संदर्भात)

रोगांच्या इतिहासावर आपल्याकडे जे थोडेबहुत लेखन झाले आहे ते बहुतांशी मारक रोगांविषयी आहे. पटकी, देवी, ग्रंथिक सन्निपात, हिवताप यांची नोंद सरकारने केली, कारण त्यांनी माणसे मरत आणि सारा बुडे. जी दुखणी माणसाला मारीत नाहीत, केवळ लंगडत चालावयास लावतात, त्यांची नोंद कोणी ठेवावी? टाचेचे दुखणे हे अशांपैकी एक. जुन्या दप्तरांत 'टाच' हा शब्द शोधू जावे तर समोर येते ती मिळकतीवर आणलेली टाच. पायाची टाच त्या कागदांत फारशी भेटत नाही. तथापि ज्या समाजाचे बहुतेक व्यवहार पायी चालत होते, त्या समाजात हे दुखणे नव्हते असे मानणे धाडसाचे होईल. प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, टाच का दुखते ह्या साध्या प्रश्नास निरनिराळ्या काळी कोणती उत्तरे दिली गेली व ती का दिली गेली, ह्याचा मागोवा घ्यावा. त्यासाठी धरणगाव हे एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवले आहे. ह्या गावाला टाचदुखीचा काही खास इतिहास आहे म्हणून ते निवडलेले नाही. पायी वाहतूक, कवायत आणि कारखाना ह्या श्रमाच्या तीन तऱ्हा तेथे एकामागून एक आलेल्या दिसतात, म्हणून निवडले आहे.

धरणगाव हे आज जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी दीर्घकाळ ते एरंडोल तालुक्यात मोडत असे. तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर वसलेले हे कापडाच्या व्यापाराचे गाव इतके भरभराटलेले होते की, १६७४ मध्ये इंग्रजांनी तेथे वखार घातली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ते लुटले, १६७९ मध्ये पुन्हा लुटले, आणि १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने लुटून जाळले. गाव इतक्या वेळा लुटण्याजोगे राहिले हीच त्याच्या संपन्नतेची साक्ष होय. येथील कापड सुरतेच्या बाजाराकडे जाई. बैलांच्या पाठीवर माल लादलेला असला तरी बैलांबरोबरची माणसे चालतच असत. आगगाडी खुद्द धरणगावाला आली ती एकोणिसावे शतक संपता संपता. तापी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० पर्यंत पुरा झाला. तोपर्यंतच्या दोन-अडीच शतकांचा व्यापार अखेर टाचांवर उभा होता, हे म्हणणे अलंकारिक वाटले तरी खरे आहे.

ह्या चालणाऱ्या माणसांच्या टाचा दुखत तेव्हा वैद्य काय म्हणे? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या ओघात 'वातकंटक' नावाचा एक विकार आला आहे. पाय वेडावाकडा, विषम पडला असता वायू प्रकुपित होऊन वेदना उत्पन्न करतो, असे त्याचे लक्षण दिले आहे, आणि स्थान म्हणून 'खुडक' हा शब्द योजला आहे. खुडक म्हणजे नेमके काय, ह्याविषयी एकवाक्यता नाही. पाय व पोटरी यांचा सांधा, म्हणजे घोटा, असा एक अर्थ. टाच असा दुसरा. वाग्भटाने अष्टांगहृदयात हाच विकार सांगताना गुल्फ हा शब्द वापरून घोट्याकडे कौल दिला. पण कारणांत त्याने एक मोलाची भर घातली. विषम पाऊल पडण्याबरोबरच श्रम हेही कारण त्याने सांगितले. ही भर लहान दिसते, परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. पाऊल वाकडे पडणे हा अपघात. श्रम ही स्थिती. अपघात एकदा घडतो, श्रम रोज घडतात. विकाराच्या मुळाशी माणसाचा नित्याचा व्यवसाय असू शकतो, ही दृष्टी वाग्भटाच्या त्या एका शब्दात आहे. पुढे ती पुष्कळ काळ हरवली.

अष्टांगहृदय हा ग्रंथ महाराष्ट्रातील वैद्यांच्या नित्य वापरातला. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेली त्याची प्रत १८८० मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखान्यातून निघाली, आणि हस्तलिखितांवर विसंबणाऱ्या गावोगावच्या वैद्यांस छापील पाठ मिळाला. वातकंटकावरील चिकित्सा मात्र कठोर होती. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात वारंवार रक्त काढणे, एरंडेल पिणे आणि तापलेल्या सुईने डाग देणे असे उपाय सांगितले आहेत. डाग देण्याची ही रीत खेड्यांतून फार काळ टिकली. आजही एखाद्या वृद्धाच्या घोट्याजवळ बिब्ब्याचा वा तापल्या लोखंडाचा जुना व्रण दिसतो, तो पाहताना ग्रंथातील वचन आणि गावातील चाल यांमधील अंतर किती थोडे होते ते कळते.

वातकंटकाशिवाय आणखी दोन विकार टाचेच्या संबंधात लक्षात घ्यावयास हवेत. एक 'पाददारी', म्हणजे टाचेच्या भेगा. फार चालणाऱ्या माणसाचे पाय रुक्ष होऊन तळव्यांस चिरा पडतात असे सुश्रुत सांगतो. येथेही कारण म्हणून चालणेच आले आहे. त्यावर मेण, राळ, तूप, चरबी, गेरू यांचा लेप सांगितला आहे, आणि मेण-राळेचे मलम तर आपल्या आजीच्या पिढीपर्यंत घरोघर होतेच. उन्हाळ्यात खानदेशची काळी जमीन तडकते आणि तिच्यावर अनवाणी चालणाऱ्याची टाचही तडकते. भेग खोल जाऊन रक्त आले की पाऊल टेकवणे मुश्किल होते. दुसरा विकार 'कदर', म्हणजे कुरूप. खडा किंवा काटा रुतून तळव्यास गाठ येते, असे त्याचे वर्णन आहे. पादत्राण वापरावे, तळपायांस तेल चोळावे, हे उपदेश चरक-सुश्रुतांच्या दिनचर्येत येतात; पादाभ्यंगाने पायांची रुक्षता, ताठरपणा व थकवा जातो आणि भेगा पडत नाहीत असे चरक म्हणतो. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासण्याची आपली घरगुती पद्धत ह्याच परंपरेतील आहे. ज्याला वहाण परवडत नाही त्याने काय करावे, ह्याचा विचार मात्र दिनचर्येत नाही. ती दिनचर्या सुखवस्तू माणसासाठी लिहिलेली आहे, हे वाचकाने विसरू नये.

येथेच नारूचा उल्लेख करून पुढे जाणे बरे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरावयाचे, त्याच पाण्यात पाय बुडवावयाचे व तेच पाणी प्यावयाचे, ह्या रीतीमुळे हा कृमी माणसाच्या देहात शिरे आणि वर्षाने पाऊल, घोटा किंवा पोटरी येथून बाहेर पडू लागे. ऐन पेरणीच्या हंगामात माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळे. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. पावलाच्या दुखण्याचे एक संबंध कारण अशा रीतीने इतिहासजमा झाले. जुन्या काळच्या कागदात कोणी 'पायाने अधू' असे म्हटलेले आढळल्यास तो नारू की टाचदुखी की आणखी काही, हे आज ठरविता येणे कठीण. मागे जाऊन निदान करण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा.

आता कवायतीकडे वळू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा सातपुडा व सातमाळा येथील भिल्लांशी कंपनी सरकारचा झगडा सुरू झाला होता. लष्करी मोहिमांनी तो मिटेना. तेव्हा एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२५ मध्ये भिल्लांसाठी तीन एजन्सी स्थापण्यात आल्या आणि ईशान्य भागाच्या एजन्सीचे व नव्याने उभारावयाच्या भिल्ल पलटणीचे काम जेम्स औट्रम ह्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे सोपविले गेले. पलटणीचे ठाणे धरणगाव. प्रथम अगदी मोजके भिल्ल आले. औट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेला, आणि हळूहळू पलटण वाढली. १८३० मधील डांगच्या मोहिमेत तिने भाग घेतला. औट्रम १८३५ पर्यंत खानदेशात होता.

औट्रमचे चरित्रकार ह्या प्रकरणाची कहाणी सांगतात ती शौर्याची व विश्वास संपादनाची. एजन्सीचे धोरण हे भिल्लांना त्यांच्याच माणसांकरवी आवरण्याचे होते, ही बाजू त्या कहाणीत दबून जाते. आपल्या विषयापुरता प्रश्न वेगळा आहे. डोंगरात राहणारा भिल्ल चाले तो उंचसखल, मऊ, झाडपाल्याने भरलेल्या वाटेने, आपल्या गतीने, आणि दमला की उकिडवा बसे. पलटणीत शिरताच त्याला सपाट, कडक, ठोकून बसवलेल्या मैदानावर, दुसऱ्याने ठरविलेल्या तालात टाचा आपटीत चालावे लागले आणि पहाऱ्यावर तासन् तास एका जागी उभे राहावे लागले. चालण्याची सवय नसलेल्या माणसाला हे जड जाते हे उघडच आहे. पण चालण्यात मुरलेल्या माणसालाही ते जड जाते, कारण बदल होतो तो चालण्याच्या रीतीत, अंतर कितीही असो. पुढे युरोपातील लष्करी वैद्यकाने हेच स्वतंत्रपणे शोधून काढले. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट ह्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या तरुण सैनिकांच्या पावलांस येणारी वेदनामय सूज वर्णिली. कारण त्याला कळले नव्हते. १८९७ मध्ये क्ष-किरणांनी दाखविले की, त्या पावलांतील बारीक हाडे तडकलेली असतात. टाचेचे हाडही असेच तडकू शकते, हे वैद्यकाच्या वाङ्मयात ठळकपणे यावयास दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. १९४४ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या जवानांतील अशा तडकलेल्या टाचांचे वृत्त प्रसिद्ध झाले. हाडावर घाव न होता, केवळ पुनःपुन्हा पडणाऱ्या भाराने त्यात सूक्ष्म चीर जाते. अशी टाच दोन्ही बाजूंनी दाबली असता दुखते, हे तिचे ओळखीचे लक्षण.

विलायतेत ह्याच सुमारास 'पोलिसाची टाच' असा शब्दप्रयोग रूढ झाला होता, आणि तो मोठा बोलका आहे. गस्तीवर फिरणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या शिपायाचे हे दुखणे लोकांनी त्याच्या धंद्याच्या नावाने ओळखले. वाग्भटाचा 'श्रम' आणि लंडनच्या रस्त्यावरील हा शब्दप्रयोग यांचा रोख एकच आहे. धरणगावची पलटणही पुढे पोलीस दलातच सामावली गेली.

परंतु ज्या वेळी सामान्य माणूस धंद्याकडे बोट दाखवीत होता, त्याच वेळी वैद्यक हाडाकडे पाहू लागले. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनने क्ष-किरण शोधले. पाच वर्षांत, १९०० मध्ये, प्लेटनर ह्या जर्मन डॉक्टराने टाचेच्या हाडाच्या तळाशी पुढे आलेल्या टोकाचे वर्णन करून त्याला घोडेस्वाराच्या आरीवरून नाव दिले. दुखऱ्या टाचेचे चित्र घ्यावे, त्यात काट्यासारखे टोक दिसावे, आणि वेदनाही काटा बोचल्यासारखीच असावी! ह्याहून पटण्याजोगा पुरावा कोणता? 'टाचेचे हाड वाढले आहे' हे जे वाक्य आज जळगाव-धुळ्याकडील कोणत्याही गावात ऐकू येते, ते पुरातन लोकज्ञान नव्हे. ते क्ष-किरणांचे अपत्य आहे आणि त्याचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक नाही.

येथे एका समजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. वातकंटक ह्या नावातील 'कंटक' म्हणजे हाच वाढलेला हाडाचा काटा असून तो आपल्या पूर्वाचार्यांस ठाऊक होता, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. ग्रंथांतून त्यास आधार मिळत नाही. सुश्रुत किंवा वाग्भट यांपैकी कोणीही ह्या प्रकरणी हाड वाढल्याचे म्हणत नाही. ते वायू सांगतात, विषम पाऊल सांगतात, श्रम सांगतात. कंटक हे वेदनेच्या जातीचे नाव आहे. दुखणाऱ्याला जे वाटते ते त्यांनी नावात धरले. गंमत अशी की, ही उपमा उपमाच राहिली म्हणून प्राचीन वैद्य चुकले नाहीत. चुकले ते विसाव्या शतकातले डॉक्टर; त्यांनी उपमेला हाड सापडले असे मानले. चित्रात काटा दिसला म्हणजे बोचणारा तोच, ही गफलत डोळ्यांची नसून अनुमानाची आहे.

ह्या अनुमानाची परीक्षा करावयाची तर न दुखणाऱ्या टाचांची चित्रे घ्यावयास हवी होती. ती घेतली गेली तेव्हा असे दिसले की, ज्यांना टाचेची कधीच तक्रार नव्हती अशा प्रौढ माणसांतही दहांत एक किंवा त्याहून अधिक जणांच्या टाचेस असा काटा असतो. शिवाय तो काटा तळव्याच्या ताणलेल्या पडद्यात शिरलेला नसून बहुधा त्याच्या वरच्या बाजूस, बोटे वाकविणाऱ्या लहान स्नायूच्या उगमाशी असतो, असे शवविच्छेदनांवरून आढळले. वय, वजन व ताण यांमुळे काटा आणि वेदना दोन्ही एकाच माणसात असण्याचा संभव वाढतो, एवढाच दोहोंचा संबंध. तोपर्यंत कित्येकांचे काटे शस्त्राने काढून झाले होते.

ह्या कालखंडातील आणखी एक प्रकरण फार उद्बोधक आहे. १९०६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यविशारद बेअर यांनी दुखऱ्या टाचांच्या काही रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध करून त्यांच्या काट्यांचे मूळ परम्यात असल्याचे प्रतिपादिले. ह्याचा सामाजिक अर्थ काय होतो? टाच धरून दवाखान्यात आलेल्या शिपायाच्या पायाबरोबर त्याचे शीलही तपासले जाणार. दुखणे त्याच्या श्रमाचे होते ते त्याच्या चारित्र्याचे झाले. कारण शरीरात आणखी एक पायरी आत सरकविले की, मालकाची किंवा सरकारची जबाबदारी एक पायरी कमी होते. रोगांच्या कारणमीमांसेत हे वारंवार घडलेले दिसते.

तरीही बेअरच्या निरीक्षणास हसून सोडून देणे न्यायाचे होणार नाही. १९१६ मध्ये, महायुद्धाच्या खंदकांत, जर्मन बाजूस राइटर याने आणि फ्रेंच बाजूस फिएसिंजर व लरॉय यांनी असे रुग्ण वर्णिले की, ज्यांना अतिसारानंतर सांधे, डोळे व मूत्रमार्ग यांचा दाह झाला. अशा रुग्णांत टाचेस जेथे स्नायुरज्जू चिकटतात ती जागा सुजणे ही सामान्य गोष्ट होय. जंतुसंसर्ग आतड्याचा असो वा जननेंद्रियाचा, शरीराची प्रतिक्रिया नंतर टाचेवर उमटते. १९७३ मध्ये एचएलए-बी २७ ह्या आनुवंशिक खुणेचा कण्याच्या संधिदाहाशी व ह्या विकाराशी संबंध उघड झाला, आणि काही माणसांतच असे का होते ह्याचा उलगडा होऊ लागला. हगवण ही जेथे पावसाळ्याची नित्याची पाहुणी होती त्या तापीकाठच्या गावांतून अशा टाचा कधी दुखल्याच नसतील असे कोण म्हणेल? तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर ताठलेली असते व हालचालीने मोकळी होते, अशा वेळी केवळ जोडे बदलून भागत नाही, ही आजच्या डॉक्टरांची सूचना ह्या इतिहासातूनच आलेली आहे.

इतर कारणांची यादी ह्याच अर्धशतकात भरत गेली. १९१२ मध्ये सेव्हर यांनी वाढत्या वयाच्या मुलांतील टाचदुखी वर्णिली. टाचेच्या हाडाची मागील वाढीची चकती अजून जुळलेली नसते आणि खेळकर मुलाच्या पोटरीचा ताण तिच्यावर पडतो. १९२८ मध्ये हाग्लुंड यांनी टाचेच्या मागे, जोड्याचा काठ घासतो तेथे येणाऱ्या उंचवट्याकडे लक्ष वेधले. घोट्याच्या आतील बाजूने तळव्यात उतरणारी शीर दबली गेल्यास जळजळ व मुंग्या येतात, हे १९६२ मध्ये दोघा डॉक्टरांनी एकाच वर्षी स्वतंत्रपणे मांडले. क्षयाची बाधा टाचेच्या हाडासही होते आणि आपल्या देशात तिचा विसर पडता उपयोगी नाही. रात्री ठणकणारी, सुजलेली, बारीक तापासह येणारी टाच ही वेगळ्या जातीची टाच आहे. म्हातारपणी टाचेखालची चरबीची गादी झिजते. मग कठीण फरशीवर पाऊल टाकताना हाडच टेकल्यासारखे वाटते.

ह्या सर्वांपेक्षा अधिक आढळणारे कारण निराळेच आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो. वैद्यक त्यास प्लांटर फॅशिया म्हणते. धनुष्याच्या दोरीप्रमाणे तो पावलाची कमान धरून ठेवतो. पाऊल उचलताना बोटे मागे वळली की तो रहाटाच्या दोराप्रमाणे गुंडाळला जाऊन कमान ताठ करतो, हे हिक्स यांनी १९५४ मध्ये उकलून दाखविले. अशा तऱ्हेने दर पावलागणिक ताणल्या जाणाऱ्या ह्या पडद्याचा टाचेच्या हाडाशी जेथे जोड आहे तेथे सूक्ष्म विदारण होत राहते. रात्री निजेत पाऊल खाली झुकलेले असते, पडदा आखडतो. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच तो एकदम ताणला जातो आणि कळ येते. चार पावले चालल्यावर ती ओसरते, दिवसभर उभे राहिल्यावर सायंकाळी परतते. हे लक्षण इतके ठरलेले आहे की, बहुतेक वेळा चित्रावाचूनही निदान होते.

ह्या विकारास नाव द्यावयाचे कसे, ह्यावर दीर्घकाळ वाद होता. १९६५ मध्ये लॅपिडस व गुइडॉटी यांनी ३२३ रुग्णांच्या ३६४ टाचांचा वृत्तांत दिला तेव्हा त्यांनी मुद्दामच 'दुखरी टाच' एवढेच साधे नाव पसंत केले, कारण नेमके कारण आपणांस माहीत नाही असे त्यांचे म्हणणे होते. विद्वत्तेतील अशी कबुली दुर्मिळ आणि म्हणून आदरणीय आहे. पुढे 'दाह' हा शब्द रूढ झाला. पण २००३ मध्ये लेमाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा दाहाच्या पेशी आढळल्या नाहीत. आढळली ती तंतूंची झीज. म्हणजे 'हाड वाढले' हे जसे अपुरे, तसेच 'सूज आली' हेही अपुरे. झीज झाली, हे आजचे उत्तर. आणि झीज म्हटली की प्रश्न आपोआप येतो : कशाने?

त्याच २००३ साली रिडल व सहकाऱ्यांनी ५० रुग्णांची १०० निरोगी माणसांशी तुलना करून तीन गोष्टी पुढे आणल्या. घोटा वर पुरेसा न वाकणे, शरीराचे वजन अधिक असणे, आणि कामाचा बहुतेक दिवस पायांवर उभ्याने जाणे. वाग्भटाचा श्रम एवढा मोठा वळसा घेऊन परत आला. उपायही त्यास अनुसरून साधे ठरले. पोटरी व तळवा ताणण्याचा नित्य व्यायाम, टाचेखाली मऊ आधार, उभे राहण्यात खंड आणि धीर. दहांपैकी आठ-नऊ जण वर्षभरात शस्त्रावाचून बरे होतात.

ह्या दृष्टीने धरणगावाच्या परिसराकडे पुन्हा पाहावयास हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात कापसाचे जिनिंग कारखाने पसरले. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांच्या कामाविषयी ज्या साक्षी झाल्या त्या वाचवत नाहीत. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम, हंगामाच्या भरात तर रात्रंदिवस. आणि कामगारांत भरणा स्त्रियांचा. ह्याच आयोगापुढे मुंबईच्या गिरणी कामगारांची बाजू नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडली होती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभरांहून कमी माणसांच्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणाऱ्या कारखान्यांस लागूच नव्हता. हंगामी जिन त्यातून सहज निसटले. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा ५० कामगारांवर आणली व स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांचा ठरविला. कापसाचे बोजे वाहणाऱ्या, यंत्रापुढे खपणाऱ्या त्या बायांच्या टाचा दुखल्या की नाही हे आयोगाने विचारले नाही. झोपेने व थकव्याने माणसे पडत होती तेथे टाचेची विचारपूस कोण करणार? पण रिडलच्या तीन कारणांपैकी तिसरे ह्या कारखान्यांत पुरेपूर भरलेले होते, एवढे निश्चयाने म्हणता येते.

घरातला एक बदलही येथे नमूद करावासा वाटतो. तो तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. आपल्याकडील स्वयंपाक पिढ्यान् पिढ्या बसून होत असे. चुलीपुढे उकिडवे वा पाटावर बसावयाचे, विळीवर बसून चिरावयाचे, जात्यावर बसून दळावयाचे. उकिडवे बसताना पोटरी व घोटा पूर्ण ताणला जातो. ज्या व्यायामाची आज डॉक्टर शिफारस करतात त्याच्याच जवळपासची ही बैठक आहे. विसाव्या शतकात, शहरांत आधी व गावांत मागाहून, ओटा आला. धूर गेला, कंबर मोडेपर्यंत वाकणे गेले, हे मोठेच सुख. परंतु गृहिणी शहाबादी फरशीवर अनवाणी पायांनी दिवसाचे कित्येक तास उभी राहू लागली, आणि उकिडवे बसण्याचे प्रसंग घटले. मध्यम वयाच्या स्त्रियांत ही तक्रार इतकी का ऐकू येते, ह्याचा शोध घेताना ओट्याची उंची व फरशीचा कठीणपणा यांची नोंद घेणे योग्य होईल. घरात वहाणा घालावयाच्या नाहीत हा आपला दंडकही त्या हिशेबात धरावा लागेल.

शेवटी कायद्याची एक गोष्ट राहिली. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची जी अनुसूची त्यास जोडली होती, तीत प्रारंभी काळपुळी, शिशाची विषबाधा व फॉस्फरसची विषबाधा एवढेच रोग होते. पुढे ती वाढत गेली. टाचेचे नाव तीत आले नाही. ह्याचे कारण केवळ टाचेचे क्षुल्लकत्व नव्हे. शिसे कारखान्यात असते, ते बाहेरून शरीरात येते; त्याचा मालक ठरविता येतो. वाढलेले हाड मात्र ज्याचे त्याचे असते. क्ष-किरणांच्या चित्रात काटा दाखवून झाला की, ती टाच किती तास आणि कोणाच्या फरशीवर उभी होती, हा प्रश्न त्या चित्राच्या चौकटीबाहेर राहतो.